गोष्टीचा भावार्थ की गोष्टीवर भावार्थ?

गोव्यात साष्टीतल्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या घरची प्रार्थना कोंकणीत, आणि बी.ए.ला विषय मराठी. बायबलमधल्या योनाच्या, म्हणजे मोठ्या माशानं गिळलेल्या संदेष्ट्याच्या, गोष्टीवर तिनं निबंध लिहिला, त्यात हे वाक्य आलं: "योनाची गोष्ट घडली असेल वा नसेल, तिच्यावरचा माझा भावार्थ ढळत नाही." तपासणाऱ्यांनी 'भावार्थ'खाली रेघ ओढून समासात शेरा मारला, "गोष्टीचा भावार्थ असतो, गोष्टीवर नसतो. श्रद्धा म्हणा." आमच्याकडे भावार्थ म्हणजेच श्रद्धा, मग चुकलं काय, असं ती विचारते. जाता जाता आणखी एक: अशा गोष्टीला दाखला म्हणावं की दृष्टांत?

शेरा आजच्या शालेय मराठीपुरता बरोबर आहे. 'पुढील ओळींचा भावार्थ लिहा' यापलीकडे हा शब्द आपण आता वापरतच नाही. पण जुन्या मराठीत भावार्थाला दोन अंगं होती. एक आशय, तात्पर्य. ज्ञानेश्वरीचं दुसरं नाव 'भावार्थदीपिका' आहे ते याच अंगानं. दुसरं अंग निष्ठेचं, 'देव भावाचा भुकेला' मधल्या भावाचं. त्यावरून भावार्थी म्हणजे भाविक, श्रद्धाळू. हे दुसरं अंग देशावर झिजत गेलं. गोव्याच्या चर्चमध्ये मात्र ते टिकलं, आणि टिकलं म्हणजे रोजच्या तोंडात टिकलं. 'देवाचेर भावार्थ' हे ज्याला कळत नाही असा गोंयचा ख्रिस्तांव, म्हणजे गोव्याचा ख्रिस्ती, सापडायचा नाही.

हा शब्द त्या लोकांना मिळाला कुठून, हे सांगताना फादर थॉमस स्टीफन्सला टाळता येत नाही. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, १५७९ साली गोव्यात आला आणि पुढचं बहुतेक आयुष्य त्यानं साष्टीतच काढलं. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, मधूनमधून कोंकणीची फोडणी. देवनागरी खिळे नव्हते म्हणून छपाई रोमन लिपीत झाली. यात श्रद्धेला 'भावार्थ' आणि श्रद्धावंतांना 'भावार्थी' म्हटलं आहे. ग्रंथाची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. ख्रिस्ती शिकवणीचे पाठ चाललेले असतात, तिथं एक ब्राह्मण येऊन म्हणतो की ही शिकवण ठीक आहे, पण आम्हांला वाचायला एखादं पुराण असेल तर बरं होईल. मग पाद्री गुरू कथा सांगायला बसतो. म्हणजे नेमांची उजळणी होती, मागणी गोष्टीची आली. माझ्या मते स्टीफन्सला 'भावार्थ' सोयीचा वाटला तो इथं. श्रोत्यांच्या कानाला ओळखीचा शब्द, आणि अर्थ समजून घेणं व मन ठेवणं ही दोन्ही कामं त्यात आधीपासून एकत्र नांदत होती.

महाराष्ट्रातलं प्रॉटेस्टंट मराठी बायबल वेगळ्या वाटेनं गेलं. तिथं शब्द रुळला 'विश्वास', आणि माणसं झाली 'विश्वासणारे'. त्यामुळे नगरकडच्या ख्रिस्ती माणसालाही साष्टीतल्या मुलीचं वाक्य चमत्कारिक वाटेल. शेरा मारणाऱ्यांवर एकट्यावर राग नको.

खरी गंमत पुढे आहे. कोंकणीत 'मी विश्वास ठेवतो' या प्रार्थनेसाठी क्रियापद आहे 'सतमानप'. हांव सतमानतां. सत मानणं, खरं धरणं. म्हणजे या मुलीच्या घरी खरं धरण्यासाठी एक शब्द आहे आणि भावार्थ दुसरा. या प्रार्थनेत, म्हणजे प्रेषितांच्या मतांगीकारात, काय काय खरं धरायचं ते नावानिशी येतं: देव बाप, मारियेपासूनचा जन्म, पोंती पिलात, क्रूस, तिसऱ्या दिवसाचं पुनरुत्थान. योना आणि त्याचा मासा त्या यादीत नाहीत. निबंधातलं वाक्य म्हणूनच मला भाबडं वाटत नाही. 'सतमानप' बाजूला ठेवून 'भावार्थ' उचलताना तिनं फरक नेमका ओळखला आहे. मराठीत 'श्रद्धा' लिहिली असती तर तो पुसला गेला असता.

आणि योनाची गोष्ट तिला साथ देते. चार अध्यायांचं पुस्तक, मासा त्यात जेमतेम काही ओळींचा. (मूळ हिब्रूत तो नुसता 'मोठा मासा' आहे. आपण त्याला देवमासा केलं, आणि मग त्याचा घसा केवढा यावर वाद घालत बसलो.) निनवे शहर पश्चात्ताप करतं, देव त्याला सोडतो, आणि योना रुसतो, की ज्यांचा नाश व्हायला हवा ते वाचले कसे. शेवटी देव त्याला विचारतो: एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं, ज्यांना उजवं-डावं कळत नाही, आणि इतकी गुरंढोरं, यांची मी कीव करू नये? उत्तर न देताच पुस्तक संपतं. यावर 'घडलं का' हा प्रश्न निरर्थक नाही, मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशूच योनाच्या माशाच्या पोटातल्या तीन दिवसांचा उल्लेख करतो. पण तेवढ्यावरच थांबलं तर देवाचा प्रश्न ऐकूच येत नाही. कॅथलिक चर्चनंही १९६५ च्या 'देई वेर्बुम' या दस्तऐवजात म्हटलं आहे की पवित्र लेखकाला काय सांगायचं होतं हे शोधताना लेखनाचा प्रकार पाहावा: इतिहास, भाकीत, काव्य, की आणखी काही.

आता दाखला की दृष्टांत. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरांनी सांगितलेल्या छोट्या गोष्टी आहेत, हत्ती आणि आंधळे त्यांतलेच. त्या हिशेबानं दृष्टांत चालला असता. पण मराठी बायबलमध्ये दृष्टांत म्हणजे देवानं दाखवलेलं दृश्य. 'स्वप्नात दृष्टांत झाला' यातला. येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची किंवा पेरणाऱ्याची गोष्ट तिथं 'दाखला' असते. गोव्यात दाखला म्हटलं की आधी पंचायतीचा कागद डोळ्यांपुढे येतो, त्याला इलाज नाही. तरी योनासाठी नुसता 'दाखला' लिहू नये, कारण पुस्तक स्वतःला तसं म्हणत नाही. 'दाखल्यासारखी कथा' म्हणावं.

आणि ते वाक्य? 'भावार्थ' तसाच ठेवा, पहिल्यांदा येतो तिथं 'आम्ही गोंयकार ख्रिस्तांव श्रद्धेला म्हणतो तो भावार्थ' एवढं जोडा. जिथं आशय म्हणायचा आहे तिथं सरळ 'अर्थ' लिहा. 'अन्वयार्थ'ही चालेल, पण तो अग्रलेखांनी इतका वापरला आहे की निबंधात नको वाटतो.