दरड कोसळलेल्या गावाला शहरातून काय पाठवावं? ट्रक भरलाय, तो खरंच पोहोचतो का?

तुमच्या सोसायटीने दरडग्रस्त गावासाठी कपडे आणि धान्य जमवलंय. ते योग्य माणसाच्या हातात पडेल का आणि आणखी काय पाठवावं, असं तुम्ही विचारलंय. मी महाड तालुक्यातला. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं आणि त्याच दिवशी वर तळियेचा डोंगर खाली आला. त्यानंतर दिवाळीपर्यंत आम्ही काही जण वाड्या-वस्त्यांवर फिरत होतो. तेव्हा जे दिसलं त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, ट्रकमधले वापरलेले कपडे उतरवून ठेवा. मनाला लागेल, पण त्या पावसाळ्यात हायवेच्या कडेला भिजून कुजलेल्या कपड्यांचे ढीग मी पाहिलेत. एकाच पोत्यातून जीन्स, लग्नातली शेरवानी, लहान मुलांचे लोकरीचे स्वेटर असं सगळं निघायचं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया नऊवारी नेसतात. सगळं घर गमावलेल्या बाईला पहिल्या दिवशी लागतात ते नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, अंगावर घ्यायला कोरडी चादर. पोत्यांतून शोधूनही हे मिळत नाही, आणि मागायला तिला लाज वाटते. ही यादी एखाद्या आशाताईला किंवा अंगणवाडीच्या बाईला विचारून करा. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोणाची बीपीची गोळी चिखलात गेली, हे त्यांना तोंडपाठ असतं.

दुसरं, ट्रक जातो तिथपर्यंतच मदत जाते. २०२१ च्या त्या दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्राला तळिये कळलं आणि कळायलाच हवं होतं, ८० च्या वर माणसं गेली होती. पण त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी, खेड तालुक्यात पोसरे, घाटाच्या वर पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथेही दरडींनी माणसं नेली. ही नावं आज किती जणांना आठवतात? जिथे कॅमेरा पोहोचला तिथे बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा उरली नाही, आणि रस्त्यावरची मोरी वाहून गेलेल्या वाडीवर लोक आठवडाभर भात आणि मीठ खात होते. म्हणून ट्रक निघण्याआधी तालुक्याला फोन लावा, तहसील कचेरीच्या नियंत्रण कक्षाला विचारा, आणि त्याबरोबर त्या भागातल्या एखाद्या शिक्षकालाही. कुठल्या वाडीवर अजून कोणीच गेलं नाही, एवढाच प्रश्न विचारा.

आता माणसं वाचवण्याबद्दल. बाहेरची पथकं येतातच, आणि ती जिवावर उदार होऊन काम करतात. पण वेळ कशी असते बघा. तळियेची दरड दुपारनंतर कोसळली. खाली महाडात पाणी, वाटेत झाडं आणि दरडी, फोन बंद, वीज नाही. पथकं पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली तेव्हा चौक गावच्या बाजूने डोंगर चढूनच जावं लागत होतं. पोकलेन वर नेता येईना, खराब हवेमुळे हेलिकॉप्टरही उतरेना. जवानांनी फावड्यांनी आणि हातांनी चिखल उपसला. वर चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं त्या मातीतच राहिली. वाडीतली काही मुलं वाचली ती केवळ आश्रमशाळेत राहायला होती म्हणून.

त्यामुळे पहिले काही तास शेजारची वाडीच कामाला येते. तिच्याकडे काय असतं? विळा, कोयता, एखादी पहार. चांगले दोर, डोक्यावरचे टॉर्च, गमबूट, फावडी, स्ट्रेचर आणि भोंगा असा संच वाडीवाडीवर मे महिन्यातच ठेवला तर त्याचा उपयोग जुलैतल्या दहा ट्रकांपेक्षा जास्त होतो. सोबत पर्जन्यमापक द्या आणि रोज सकाळी तो वाचणारा एक पोरगा तयार करा. गावाचं नाव सरकारच्या दरडींच्या धोक्याच्या यादीत आहे की नाही यावर विसंबून चालत नाही, इर्शाळवाडीचं नाव त्या यादीत नव्हतं. डोंगराला भेग पडली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, झाडं कलली, दारं चौकटीत अडकायला लागली की त्याच रात्री शाळेत झोपायला जायचं, हे वाडीतल्या पोराटोरांनाही माहीत असायला हवं.

यानंतरचं कोणी फारसं विचारत नाही, आणि खरी हलाखी तिथेच असते. आठ-दहा दिवसांनी ट्रक थांबतात. तेव्हा तलाठी पंचनाम्याला येतो आणि कागद मागतो. कागद चिखलात गेलेला असतो. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, घराचा आठ नंबरचा उतारा, सगळंच. नियमात मदत आहे. मृताच्या वारसाला केंद्राच्या निकषाप्रमाणे ४ लाख, पडलेल्या घराला पैसे, शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८ हजार. पण घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झालेली, वारसनोंद कधी केलीच नाही. घर वनखात्याच्या जागेत असेल तर उताराच नसतो. ज्याचा देह मिळालाच नाही त्याचा मृत्यूदाखला कसा काढायचा? मोठ्या दुर्घटनेत सरकार बेपत्ता माणसांना मृत घोषित करतं, पण जिथे एकच माणूस ओढ्यात वाहून गेला तिथे त्याची बायको कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहते. आमच्या ओळखीतल्या एका विधवेला एका कचेरीने वारसाच्या एका सहीसाठी पाच खेपा घालायला लावल्या. दर खेपेला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी गेली.

तुमच्या सोसायटीत वकील असेल, निवृत्त महसूल कर्मचारी असेल, फॉर्म भरता येणारी कॉलेजची मुलं असतील तर त्यांना पाठवा. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि शाळेच्या वर्गात दहा दिवसांचा मुक्काम. आमच्या सगळ्या फिरण्यात पैशाला सर्वांत जास्त मोल इथे आलं.

आणि शेत. जुलै म्हणजे लावणीचा महिना. रोपं वाहून गेली किंवा खाचरावर दगडगोटे आले की वर्षाचा भात गेला. पावसाळा सरल्यावर बांध घालायला, गोटे वेचायला त्याच गावातल्या माणसांना रोजंदारी द्या. शेतही उभं राहतं आणि घरात पैसाही येतो. फुकटचं धान्य घेताना खाली जाणारी मान मजुरी घेताना जात नाही.

तुम्ही जमवलेलं धान्य वाया जाणार नाही, ते आणा. फक्त पाच-पाच किलोच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आणा, कारण शेवटचा दीड-दोन कोस ते डोक्यावरून न्यायचं असतं. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, मसाला, चहा, साखर, मेणबत्त्या, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आठ-दहा जाड ताडपत्र्या. विहिरी उपसून त्यात पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडेपर्यंत प्यायचं पाणी लागेल, त्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या. गमबूटही आणा. पुरानंतर चिखलात अनवाणी फिरणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, ताप अंगावर काढला तर माणूस दगावतो.

कपड्यांचे पैसे करता आले तर करा आणि ते ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवा. तेव्हा पुन्हा इथे लिहा. वारसनोंदीची किती कामं अडली आहेत आणि कोणाची खाचरं अजून गोट्यांखाली आहेत, ते मी वाडीनिहाय सांगेन.