न उघडलेली पाकिटं

"अडचण दिसली की मी पाठ फिरवतो. काही दिवस बरं वाटतं, मग तीच अडचण आणखी मोठी होऊन समोर येते. माझ्यात हिंमतच नाही का?" हा प्रश्न कुणी विचारला की मला एक गृहस्थ आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यांच्याबद्दल सांगते.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, कामात चोख. कर्जाचे हप्ते थकले आणि पहिलं पत्र आलं, ते त्यांनी न फोडताच टेबलाच्या खणात टाकलं. आठ महिन्यांत खणात चौदा पाकिटं जमली. अनोळखी नंबरवरून आलेले फोन घेणं थांबलं, मग ओळखीच्यांचेही. दाराची बेल वाजली की ते आतल्या खोलीत जायचे. पत्नीला कर्जाचा पत्ताच नव्हता. नवरा आपल्यापासून दूर चाललाय, एवढंच तिला जाणवत होतं. तीच त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली.

मी विचारलं, "पाकीट खणात टाकल्यावर किती वेळ बरं वाटतं?"

ते बराच वेळ गप्प होते. "पहिल्यांदा आठवडाभर वाटलं होतं, मॅडम. आता जिना उतरेपर्यंतसुद्धा टिकत नाही."

भीतीची गोष्ट टाळली की लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि ती सुटकाच टाळण्याचं बक्षीस होऊन बसते. टाळलं म्हणून वाचलो, असं मन शिकतं. पाकिटात खरंच काय आहे हे मात्र कधी कळतच नाही, त्यामुळे भीती जशीच्या तशी राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये मांडलेलं सूत्र हेच: भीती जडते एका वाटेने आणि टिकते दुसऱ्या वाटेने, टाळण्यातून मिळणाऱ्या दिलाशामुळे. यात हिंमतीचा संबंध फार थोडा. म्हणूनच "जरा धीर धरा" हा सल्ला मी कुणालाच देत नाही. तो ऐकून माणूस जास्तच शरमतो आणि शरमेने आणखी टाळतो.

आम्ही पायऱ्या आखल्या. प्रत्येक पायरीच्या भीतीला ० ते १०० मधला आकडा द्यायचा. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. खण उघडून नुसतं समोर बसणं ४५, पाकीट हातात धरणं ६०, फोडणं ९०, बँकेला फोन ९५. रोज वीस मिनिटं बसायचं, वेळ पुरी होईपर्यंत उठायचं नाही. आणि काय होईल असं वाटतंय ते आधी लिहून ठेवायचं. त्यांनी लिहिलं, "श्वास अडकेल, मी कोसळेन."

इथे माझी एक चूक झाली. पहिलं पाकीट पत्नीने फोडून वाचावं याला मी होकार दिला. त्यांना हलकं वाटलं, पण दुसऱ्या पाकिटाचा आकडा ९० वरच राहिला. तिच्याआड उभं राहणं हीसुद्धा टाळाटाळच होती, फक्त सौम्य वेशातली. पुढची तेरा त्यांनी स्वतः फोडली. हात थरथरले, घाम फुटला, पण ते कोसळले नाहीत. लिहिलेल्या वाक्याखाली त्यांनी तसं नोंदवलं.

बहुतेक पाकिटांत त्याच रकमेची स्मरणपत्रं होती. एक मात्र खरोखर वाईट निघालं: दंड माफ करण्याची सवलत, तीन महिन्यांपूर्वी मुदत संपलेली. ते रडले. "सगळं ठीक होईल" असं मी म्हणाले नाही, कारण ती रक्कम खरंच गेली होती. मात्र पुढच्या आठवड्यात त्यांनी बँकेला फोन केला. दंड माफ झाला नाही, हप्ते बांधून मिळाले.

प्रत्येकच गोष्टीला सामोरं जायचं, असं मात्र मी म्हणत नाही. मारहाण करणाऱ्या माणसापासून लांब जाणं म्हणजे पळपुटेपणा नव्हे. आणि झोप, भूक उडाली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर पायऱ्या आखत बसण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

शेवटच्या भेटीला ते नवं पाकीट खिशात घेऊन आले होते, त्याच दिवशी आलेलं. मी आकडा विचारला.

"सत्तर," ते म्हणाले आणि पाकिटाची कड फाडायला लागले.