म्हातारी माणसं ऑनलाइन खरेदीत इतकी सहज का फसतात?

सहज? आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, कापसाच्या काट्यावर कोणी फसवून दाखवायचं होतं. आमचं गाव चोपडा तालुक्यात. खेडा खरेदीचा व्यापारी काटा घेऊन दारात आला की नाना आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे. आपलं वजन बरोबर भरलं, तरच पहिलं गाठोडं चढायचं. हा माणूस मागच्या हंगामात बॅटरीपंपाला फसला.

दुकानात दोन-तीन हजारांना मिळणारा फवारणीचा पंप मोबाईलवरच्या जाहिरातीत ९९९ला. कुरिअरवाला आधी पैसे घेतो, मग खोकं देतो. खोक्यात निघाली इस्त्रीवाले कपड्यांवर पाणी मारतात तसली बाटली. इथवर ठीक, ९९९ गेले. नानांनी कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधला, तो चोरांनीच टाकलेला. पलीकडचा 'काका, काका' करत गोड बोलला, आपली स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप घ्यायला लावलं, रिफंडच्या नावाखाली पिन टाकायला लावला. कापसाच्या पैशातले ४८ हजार गेले. (पैसे यायला पिन लागत नाही, हे आता नाना अख्ख्या गल्लीला सांगतात.)

तेव्हा मात्र गप्प. आईला म्हणाले, "पोरेस्ले (पोरांना) नको सांगू." का, तर पुण्याचा दादा. साधा रिचार्ज चुकला तरी तो नानांना फोनवर झापतो. आईनं मला सांगितलं तोवर आठवडा उलटला होता. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३०ला फोन लावला, पण पैसे कधीच काढले गेले होते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियमही तसाच होता: पिन आपल्याच हातून गेला, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला. कळवायला उशीर कशानं झाला? नानांच्या वयानं नाही, दादाच्या धाकानं.

दादानं उपाय काय काढला, तर नानांचा फोनच घेतला. अरे, केळीचे भाव ते त्यावरच बघतात! त्यापेक्षा कापसाचे पैसे यूपीआय नसलेल्या खात्यात ठेवायचे, फोनच्या खात्यात चार-पाच हजार. झालं.

स्वस्ताचा मोह नानांना होता, तो मी नाकारत नाही. आणि दादा वाईट नाही, औषधपाणी सगळं तोच बघतो. पण वहिनीच्या पार्सलात साडीऐवजी चिंध्या निघाल्या, तेव्हा तिचा फोन कोणी काढून घेतला नाही.