चष्मा आणि रेंजफाइंडर: चौकटीचे चार कोपरे

प्रश्न : उजव्या डोळ्याचा नंबर उणे ३.५, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) उणे १.२५. मारबतीच्या मिरवणुकीत, इतवारीच्या गल्ल्यांमध्ये फोटो काढायला फिल्मचा जुना रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायचाय. लेन्स २८ किंवा ३५ मिमी. चष्मा लावून पूर्ण फ्रेम दिसत नाही म्हणतात, खरं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : खरं आहे, पण सगळ्याच कॅमेऱ्यांत नाही. दाराच्या फटीला डोळा न लावता लांबून पाहिलं की खोलीचा मधलाच भाग दिसतो. चष्म्यामुळे डोळा आयपीसपासून (डोळा लावायच्या काचेपासून) मागे राहतो तेव्हा तेच होतं. म्हणून बॉडी बघताना आधी व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन, म्हणजे त्यातून दृश्य प्रत्यक्षाच्या किती पट दिसतं, ते विचारा. आकडा मोठा असेल तर वाइड लेन्सची चौकट (फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या उजळ रेषा) कडेला जाते आणि चष्मेवाल्याच्या नजरेतून सुटते.

लायका एम३ चं ०.९१ आहे आणि चौकटी ५० मिमीपासूनच सुरू होतात. तुमच्या कामाला तो बाद. ०.७२ च्या एम६ मध्ये ५० ची चौकट आरामात दिसते, ३५ ची जेमतेम, २८ चे चारही कोपरे एकदम दिसणं अवघड. २८ वापरायचीच असेल तर ०.५८ चा एम६ टीटीएल किंवा मिनोल्टा सीएलई बघा. सीएलईचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, बिघडलं तर सुटे भाग मिळवताना दम निघतो. फोक्टलेंडर बेसा आर४ मध्ये ०.५२, चौकटी थेट २१ पासून.

पण कमी मॅग्निफिकेशनची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. फोकसच्या दोन प्रतिमा देणाऱ्या लायकाच्या दोन खिडक्यांमधलं अंतर सुमारे ६९ मिमी. त्याला मॅग्निफिकेशनने गुणलं की ०.७२ ला ५० मिमी आणि ०.५८ ला ४० मिमी परिणामकारक बेस मिळतो; तो जितका जास्त, तितका फोकस अचूक. आर४ चा जेमतेम १९. २८ मिमी, एफ २.८ ला (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) तेवढा पुरतो; उद्या ५० मिमी लेन्स एफ १.४ वर उघडून चेहरे काढाल तर डोळ्यांऐवजी कान शार्प येतील. आमचं मत : ०.५८ ची बॉडी आणि ३५ ची लेन्स. ०.७२ स्वस्तात मिळत असेल तर २८ साठी हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) वेगळा व्ह्यूफाइंडर लावा. मग फोकस एका खिडकीतून, चौकट दुसरीतून. मिरवणुकीत एवढी उसंत कुठली? म्हणून फोकस आधीच लावून ठेवा. २८ मिमी, एफ ८, अंतर ३.३ मीटर ठेवलंत तर साधारण १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं.

चष्मा काढून आयपीसवर डायॉप्टरची, म्हणजे नंबरची काच लावायचा मोह होईल. तिच्यात सहसा सिलिंडर नसतो. मधल्या उजळ चौकोनातल्या दोन प्रतिमा जुळवताना कॅमेरा आडवा असेल तर उभ्या रेषा लागतात, कॅमेरा उभा धरला की आडव्या. तुमच्या १.२५ मुळे यांतल्या एका प्रकारच्या रेषा पुसट दिसू शकतात. तरी पाहायचंच असेल तर चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायच्या ट्रायल सेटमधली काच आयपीसमागे धरून पाहा. लायका एमच्या फाइंडरमध्ये मुळातच उणे ०.५ नंबर असतो, म्हणून उणे ३ पासून सुरुवात करा.

पैसे देण्याआधी रोजचाच चष्मा लावून, तो आयपीसवर न दाबता, चारही कोपरे एका नजरेत येतात का बघा. लेन्स अनंतावर ठेवून दूरच्या टॉवरवर दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळायला हव्यात. एक प्रतिमा वर, एक खाली असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

प्रश्न : जुन्या लायकाच्या आयपीसने चष्म्यावर ओरखडे पडलेत. उपाय?

उत्तर : एम२, एम३ च्या आयपीसची कड उघड्या धातूची आणि तुमची काच बहुधा प्लास्टिकची. मे महिन्यात घामाला चिकटलेली धूळ त्यात सँडपेपरचं काम करते. कडेवर पातळ रबराची रिंग चिकटवा. जाड घेतलीत तर डोळा आणखी मागे जाईल आणि एम२ मधल्या ३५ चे कोपरे हातचे जातील. चिकटवताना डिंक काचेवर येऊ देऊ नका. पडलेले ओरखडे मात्र जात नाहीत, काच बदलावीच लागेल.