पहाटे पाचचा ग्रुप आणि नाइट शिफ्ट

"सलाम ताई," म्हणत ते बसले आणि पिशवीतून एक डायरी काढून माझ्यापुढे उघडली. १ ते ११ जानेवारी, रोज बरोबरची खूण. बारापासून पानं कोरी. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हापासून, पुन्हा नऊ खुणा, मग परत कोरं.

"हे माझं प्रार्थनाजीवन."

ठाण्यात चर्चमागच्या खोलीत मी शनिवारी समुपदेशनाला बसते. दारू, घरातली भांडणं यांवर लोक मोकळं बोलतात. प्रार्थना टिकत नाही, देव आपल्याशी बोलत नाही, हे मात्र आवाज खाली आणून सांगतात. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

हे गृहस्थ रबाळे एमआयडीसीत मशीन ऑपरेटर. दर आठवड्याला पाळी बदलते. चर्चच्या मंडळीतल्या काही जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप पहाटे पाचला प्रार्थनेला बसतो आणि त्या वेळी हे दर तिसऱ्या आठवड्याला मशीनवर उभे असतात. तरी वर्षभर त्यांनी स्वतःला मोजलं ते त्या पाचच्या काट्यावरच. मीही पहिल्या भेटीत त्यांना वेळापत्रकच आखून दिलं, हे कबूल करते. पंधरा दिवसांत तेही कोलमडलं.

मग घड्याळ सोडलं. कुठलीही पाळी असो, रोज नक्की काय घडतं? "डबा उघडतो." ठरलं: डबा उघडण्याआधी बायबलमधलं एक वचन, दोन मिनिटं गप्प, मग येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना. त्यांना हे फारच थोडं वाटलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्यांना सांगितला. त्यातल्या लोकांना नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला, आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. अकरा दिवसांत स्वतःला नापास करणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकवावाच लागतो.

दोन मिनिटांचं गप्प बसणं अवघड गेलं. डोळे मिटले की रिजेक्ट झालेला माल आणि घराचा हप्ता. "मन लागत नाही, म्हणजे विश्वासच कमी." मी म्हटलं, स्पेनमधल्या जोगीण, आविलाच्या संत तेरेसांनीच लिहून ठेवलंय, कित्येक वर्षं प्रार्थनेची घटका कधी संपते याकडेच त्यांचे कान असत. आणि हप्ता आठवला तर हप्त्याबद्दलच बोला की देवाशी. त्यांना बायबलमधलं स्तोत्र १३ दिलं. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? "असं विचारलेलं चालतं?" त्यांनी विचारलं. पन्नाशीला आलेला माणूस, लहानपणापासून मंडळीत वाढलेला.

खरं दुखणं तिसऱ्या भेटीत निघालं. कंपनी त्यांची चाकणला बदली करणार होती. हो म्हणायचं की नोकरी सोडायची? ग्रुपमधला एक जण नेहमी "प्रभूनं स्पष्ट सांगितलं" असं म्हणतो, म्हणून यांनीही डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं. बोट पडलं '१ इतिहास' या पुस्तकातल्या वंशावळीवर, नुसत्या नावांच्या यादीवर. सांगताना ते स्वतःच हसले.

"वहिनी काय म्हणतात?"

बराच वेळ काहीच नाही. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. "तिला अजून सांगितलं नाही. देवाकडून उत्तर आलं की सांगणार होतो."

मी बायबलमधली शमुवेलाची गोष्ट काढली. मंदिरात राहणारा मुलगा, तरी तीनदा देवाची हाक आली आणि तीनही वेळा तो तिथल्या याजकाकडे, एलीकडेच धावला. देवाचा आवाज त्यालाही एकट्याला ओळखता आला नाही. "बोल, तुझा दास ऐकत आहे" हे वाक्यसुद्धा त्याला म्हाताऱ्या एलीनंच शिकवलं. मनात आलेला विचार देवाचा की आपल्या भीतीचा, हे आपण वचनाला लावून पाहतो, जवळच्या माणसाला विचारतो, आणि रात्र जाऊ देतो. (कानात खरोखर आवाज येत असतील, काही करायला फर्मावत असतील, तर मी प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवते. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.)

त्या रात्री त्यांनी घरी सांगितलं. वहिनी आधी रागावल्या, बदलीवरून नव्हे, दोन महिने लपवल्यावरून. मग दोघं मिळून स्तोत्र वाचायला लागले, रविवारी दुपारी, कारण एरवी जमत नाही. चाकणचं अजून ठरलेलं नाही, साहेबांकडे मुदत मागितली आहे. डब्याआधीची प्रार्थना आठवड्यातून एखाद्या वेळी हुकते. डायरीत आता खुणा नाहीत, किराण्याचा हिशेब आहे.

गेल्या शनिवारी दारातूनच म्हणाले, "ताई, पाळकसाहेबांनी मंडळीपुढे साक्ष द्यायला, आपला अनुभव सांगायला सांगितलंय. काय बोलू?"

"घडलंय तेवढंच."

"मग दोन मिनिटांत संपेल."

"संपू दे."