आईला मांडी घालून बसायचंय, पण फॉर्ममध्ये तो प्रश्नच नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन घेतलीयेत. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण त्यात खूप काही आहे, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या आईचं दोन वर्षांपूर्वी गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं. परवा फॉलोअपला गेलो तर एका मुलीने अभ्यासासाठी म्हणून फॉर्म भरून घेतला, जिना चढता येतो का, गाडीत बसता-उतरता येतं का, दुकानातून सामान आणता का असं सगळं. आईला चांगले मार्क पडले, ती मुलगी पण खूश. घरी येताना आई बसमध्ये गप्प. मग म्हणाली, चवथीला माटोळीखाली (गणपतीवर फळं-भाज्या टांगतो ना, तिच्याखाली) बसता येत नाही, देवळात पंगतीला मला एकटीला खुर्ची लागते, ते कोणी विचारलंच नाही. आता दुसरा प्रश्न. मी वाचलं की अमेरिकेत एक संस्था नुसतं 'अभ्यास कसा करावा' यावर अभ्यास करायला एकेका प्रोजेक्टला साडेसात लाख डॉलर देते. औषध नाही, ऑपरेशन नाही, फक्त पद्धत! तेवढ्यात किती जणांचे गुडघे झाले असते. हे पैसे वाया नाहीत का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्ही दोन प्रश्न लिहिलेत पण मला तो एकच वाटतो. आईला जे विचारलं गेलं नाही, ते विचारलं जावं म्हणूनच ते डॉलर आहेत.

आधी ती संस्था कोणती ते सांगते. पेशंट-सेंटर्ड आउटकम्स रिसर्च इन्स्टिट्यूट, लोक पीकोरी म्हणतात. २०१० साली ओबामांच्या काळात आरोग्य विम्याचा कायदा झाला त्याच कायद्याने ही निघाली. तिच्या निधीतला मोठा भाग विम्यावरच्या एका छोट्या फीमधून येतो, दर विमाधारकामागे वर्षाला सुरुवातीला एक डॉलर होता, आता तीनच्या वर गेलाय. २०१९ च्या डिसेंबरात तिथल्या संसदेने आणखी दहा वर्षांची मुदत दिली. काम काय, तर एकाच आजारावर दोन-तीन उपाय असतील तर रुग्णाच्या दृष्टीने कुठला बरा, हे तपासणाऱ्या अभ्यासांना पैसे द्यायचे. त्यातच एक वेगळा कप्पा पद्धती सुधारण्याचा, तुम्ही वाचलात तो. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत थेट खर्चाला साडेसात लाख डॉलरपर्यंत आणि मुदत तीन वर्षं, म्हणजे आपले सहा कोटींच्या वर. ऐकायला फार वाटतं हे मान्य.

पण बघा, मापच चुकीचं असेल तर त्या मापाने मोजलेलं सगळंच चुकतं. तुमच्या आईसारख्या हजार बायांचे फॉर्म भरले, सरासरी काढली, पेपर छापला, 'नव्वद टक्के समाधानी' असं काहीतरी आलं, आणि पुढच्या बाईला डॉक्टर तेच सांगणार, काकू काळजी करू नका छान होतं. कृत्रिम गुडघ्यावर मांडी घालू नका, उकिडवं बसू नका असं बरेच डॉक्टर सांगतात आणि त्याला कारणही आहे. पण जमिनीवर बसणं हा ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे त्यांना ते ऑपरेशनच्या आधी नीट कळायला हवं ना? कळायचं तर कोणीतरी मोजायला हवं, आणि मोजायचं तर आधी ते फॉर्मवर यायला हवं.

संधिवाताचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. आमवात हा त्यातलाच एक प्रकार. त्याच्या औषधांचे अभ्यास कसे मोजावेत हे ठरवायला जगभरचे तज्ज्ञ १९९२ पासून एकत्र बसतायत, ओमेरॅक्ट नावाचा गट. किती सांधे सुजलेत, किती दुखतात, रक्तात काय दिसतं, हे सगळं मोजलं जायचं. २००२ मध्ये पहिल्यांदा रुग्णांना त्या बैठकीला बसवलं आणि रुग्णांनी सांगितलं की आम्हाला सगळ्यात जास्त छळतो तो थकवा. अंगातलं त्राणच जातं. आणि तो मोजण्याच्या मुख्य यादीत नव्हताच! २००६ ला ठरलं की थकवाही मोजायचा. दहा-चौदा वर्षं, कारण समोरच्या माणसाला विचारायची रीतच नव्हती.

आणि हे फक्त प्रश्नांपुरतं नाहीये. पीकोरीच्याच पैशावर ॲस्पिरिनचा एक मोठा अभ्यास झाला, अडॅप्टेबल नावाचा, हृदयविकार असलेल्यांनी ८१ मिलिग्रॅम घ्यावी की ३२५. १५,०७६ रुग्ण. रुग्ण स्वतः अभ्यासाच्या आखणीत होते, लोकांनी घरूनच कॉम्प्युटरवर नाव नोंदवलं, पुढची बरीच माहिती हॉस्पिटलच्या नोंदींतून घेतली. २०२१ मध्ये निकाल आला की दोन्ही डोसांत ठळक फरक दिसत नाही. पण ज्यांना ३२५ दिली होती त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी मध्येच डोस बदलून ८१ वर आणला. आता हा निकाल वाचायचा कसा? फरक खरंच नाही की एवढे लोक दुसऱ्या बाजूला गेले म्हणून दिसला नाही? हा सरळसरळ पद्धतीचा प्रश्न आहे, आणि त्यावर डोकं चालवणाऱ्या गणितवाल्याचा पगार कुणीतरी द्यायला लागतो. (हे वाचून कुणी आपली गोळी बदलू नका, डॉक्टरांना विचारा.)

आपल्याकडे काय होतं ते सांगते. मी कितीतरी वर्षं गोव्यातल्या सत्तरी, सांगे तालुक्यांत घरोघरी सर्व्हे केलेत. एका फॉर्मवर प्रश्न होता, 'आजारामुळे गेल्या महिन्यात किती दिवस काम बंद होतं?' बायका म्हणायच्या, एकही नाही. मी शून्य लिहायची. एका घरी बाई तापाने फणफणलेली, चुलीपुढे बसलेली, तरी शून्य. मग लक्षात आलं, काम म्हणजे पगाराचं काम असं त्या धरतायत, घरातलं राबणं त्या कामात मोजतच नाहीत. तोवर माझे दोनशेच्या आसपास फॉर्म भरून झाले होते. ते शून्य मीच लिहिले होते, अजून टोचतात.

भाषेचंही तेच. 'जीवाक बरें ना' असं एखादी आजी सांगते, तर ते अंगाचं दुखणं की मनाचं? कोकणीत जीव म्हणजे बरेचदा अंगच, मराठीत जीव म्हटलं की वेगळं काही मनात येतं. मूळ इंग्रजी फॉर्मचं भाषांतर करायचं, मग दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून ताडायचं, एवढ्यावर बरेच जण थांबतात. खरं काम पुढे आहे, दहा-पंधरा रुग्णांबरोबर एकेक प्रश्न घेऊन बसायचं आणि विचारायचं, हे वाचून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा. याला वेळ लागतो, माणसं लागतात, म्हणून पैसे लागतात. अर्जात ही रक्कम लिहिली की सगळ्यात आधी तीच कापली जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि जे परत येत नाहीत त्यांचं काय? सहा महिन्यांनी बोलावलं आणि नेमकी चवथ आली, की ओपीडीत कोण येणार. नवरा तारवटी, बोटीवर गेला की आठ महिने नाही. लांबच्या नेत्रावळीहून बस बदलत बांबोळीच्या हॉस्पिटलात यायचं तर ज्याचं फारच दुखतंय तो घरीच राहतो. मग जे आले त्यांच्यावरच निकाल काढला तर औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. न आलेल्यांचा हिशेब कसा धरायचा याचं अख्खं शास्त्र आहे, आणि त्यावरही हे पैसे खर्च होतात.

२००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लासझिऊ यांनी अंदाज मांडला होता की वैद्यकीय संशोधनावरची सुमारे ८५ टक्के गुंतवणूक वाया जाते. चुकीचे प्रश्न, कच्ची आखणी, निकाल न छापणं, अर्धवट छापणं, अशी कारणं. तुम्ही वाया जाण्याबद्दल विचारलंत ना, तर मला वाया जाणं तिथे दिसतं. गुडघे बदलायला पैसे हवेतच, त्याबद्दल वाद नाही, पण कुणाला गुडघा बदलून काय मिळालं हे नीट कळण्यासाठी त्यातला लहानसा हिस्सा बाजूला काढणं मला अजिबात जास्त वाटत नाही.

आईला सांगा, पुढच्या वेळी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माटोळीचं आणि पंगतीचं लिहून द्या. मुलगी नाही म्हणाली तरी द्या.

प्रश्न : मी फिजिओथेरपीची पदवी घेतलीये, पुढे रुग्णांना काय महत्त्वाचं वाटतं यावरच काम करायचंय. पण गोव्यात बसून असल्या 'पद्धती'च्या कामाला पैसे कोण देणार? पीकोरीला अर्ज करता येतो का?
— डिचोली

उत्तर : बाळा, पीकोरीचं दार परदेशी संस्थांना पूर्ण बंद नाहीये पण अमेरिकेतल्या आरोग्यव्यवस्थेला फायदा होईल हे दाखवावं लागतं, त्यामुळे तिथून सुरुवात नको. आपल्याकडे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, त्यांच्या स्वतःच्या संस्थांबाहेरच्या संशोधकांसाठी अनुदानं असतात, लहान आणि मध्यम, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. ब्रिटनमधली वेलकम ट्रस्ट आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची इंडिया अलायन्स २००८ पासून फेलोशिप देते, त्यात सार्वजनिक आरोग्यही येतं. तू एकटी अर्ज करण्यापेक्षा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा दुसऱ्या संस्थेत कुणी अनुभवी माणूस शोध, त्याच्या चालू अभ्यासात पद्धतीचा एक छोटा प्रश्न घुसव. उदाहरणार्थ, तोच फॉर्म अर्ध्यांना वाचून दाखवला आणि अर्ध्यांना स्वतः भरायला दिला तर उत्तरं बदलतात का? खर्च थोडा, आणि पुढच्या अर्जाला जोडायला हातात काहीतरी येतं.

आणि गोव्यात बसून होत नाही असं तर म्हणूच नको. १९९६ मध्ये इथेच सुरू झालेल्या संगथ या संस्थेने काय काय केलंय बघ. हळदोण्याच्या आरोग्य केंद्राच्या परिसरात सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास झाला होता. अंगावरून पांढरं जातं ही तक्रार घेऊन बायका येतात, डॉक्टर इन्फेक्शन समजून गोळ्या देतात. अभ्यासात दिसलं की त्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त आहे. बाईला विचारलं म्हणून हे कळलं. पुढे नैराश्यावरच्या अभ्यासात आजाराचं जड नाव न लावता ताण, टेन्शन असे लोकांचेच शब्द वापरले, गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. त्यातला मानस अभ्यास, २४ दवाखान्यांतला, २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. नंतरच्या, दहा आरोग्य केंद्रांतल्या अभ्यासात तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते, त्याच्या आधी ती उपचारपद्धत कशी घडवायची यावरच बराच काळ काम झालं, आणि त्याला वेलकम ट्रस्टने पैसे दिले होते. म्हणजे आपल्या फोंडा-म्हापशाच्या मातीत हे उगवलेलं आहे. जा, ते पेपर वाच, मग मला परत लिही.

प्रश्न : वय ६८, डायबेटिस आहे. हॉस्पिटलात एका अभ्यासात भाग घ्या म्हणतात. आमच्यावर प्रयोग करतील का? नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील का?
— पेडणे

उत्तर : काका, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे आयसीएमआरच्या नियमांतच आहे. हो म्हणून मध्येच बाहेर पडलात तरी चालतं. अभ्यासासाठी म्हणून केलेल्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. नव्या औषधाची चाचणी असेल तर ती सीटीआरआयच्या सरकारी यादीत नोंदलेली हवी, १५ जून २००९ पासून ते सक्तीचं आहे, तो नंबर मागा.

मग दोन प्रश्न विचारा. तुम्ही माझं काय मोजणार? फक्त साखर, की मला रात्री चारदा उठावं लागतं, पाय जळजळतात, लग्नाला गेलं तरी जेवायला भीती वाटते, तेही? आणि निकाल लागल्यावर मला सांगणार का? दुसऱ्या प्रश्नावर बरेचदा समोरचा गडबडतो, पण विचाराच, तुमचे चार-पाच तास आणि तुमचं रक्त त्यात जाणार आहे.

संमतीचा कागद तुम्हाला कळेल अशा भाषेत मागा, त्यावर नैतिकता समितीचा फोन नंबर असतो तो बघा. तिथल्या तिथे सही करायची घाई नाही. कागद घरी न्या, मुलाला नाहीतर सुनेला वाचायला द्या, आणि पुढच्या ओपीडीला काय ते सांगा.