मुलाचा आणि सासूबाईंचा खोकला एकाच सिरपने जाईल का?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांच्या मुलाला दीड महिना ओला, घुरघुरता खोकला आहे आणि सासूबाईंना तीन महिने कोरडी ढास. डिचोलीचं घर दमट, भिंतींना बुरशी. एकच सिरप दोघांना चालेल का?

नाही चालणार. मी फोंड्यात दवाखाना चालवतो. पावसाळा सरता सरता ‘घरभर खोकला’ घेऊन येणारे बरेच असतात, पण कारण माणसागणिक वेगळं निघतं.

मुलांत खोकला ४ आठवड्यांहून जास्त टिकला की त्याचं कारण शोधायचं, मोठ्यांत ८. मूल एरवी हसतंखेळतं, ताप नाही, पण खोकला ओला, तर श्वासनलिकांत जंतूंचा संसर्ग रेंगाळलेला असू शकतो. त्याला सिरप नव्हे, अँटिबायोटिक लागतं, तेही साधारण २ आठवडे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. मुलं कफ गिळतात, त्यामुळे ‘कफ पडत नाही’ याला फारसा अर्थ नाही. खोकला काही खाताना ठसका लागून सुरू झाला होता का, हे मात्र नीट आठवा. काजूचा तुकडा श्वासनलिकेत अडकला तर एक्स-रेत बहुधा दिसत नाही. रात्रीचा खोकला मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. डॉक्टरांसमोर मुलं नेमकी गप्प बसतात.

सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता. रामिप्रिल, एनालाप्रिल असं ‘प्रिल’ने संपणारं रक्तदाबाचं औषध आहे? ढास त्याचीच असू शकते, गोळी कितीही महिन्यांपासून चालू असली तरी. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील. बदलल्यावरही खोकला जायला कधी महिना, क्वचित तीन लागतात. तरी छातीचा एक्स-रे हवाच. तो स्वच्छ आला तर दमा, नाकामागून घशात उतरणारा कफ आणि आम्लपित्त तपासायचं. दम्यासाठी स्पायरोमेट्री करतात, नळीत जोरात फुंकायचं.

क्षयाचा विचार दोघांच्याही बाबतीत करायला हवा. २ आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी फुकट होते. मुलाला थुंकी काढता येत नाही, त्याचं काय ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

बुरशी घासून काढाच, दमेकऱ्याला ती त्रास देते. पण सगळा दोष भिंतीवर टाकून तपासणी लांबवू नका. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी बंद.

खोकल्यातून रक्त, उतरणारं वजन किंवा श्वास लागणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. श्वास फारच लागला तर १०८ ला फोन करा.